पन्नास मिलिमीटरची वंशावळ

मुंबईच्या बोरा बाजारात किंवा पुण्यातल्या एखाद्या कॅमेऱ्याच्या दुकानात नवशिकं गिऱ्हाईक गेलं, की कॅमेऱ्याबरोबर घ्यायच्या वस्तूंची यादी ठरलेली असते. मेमरी कार्ड, जादा बॅटरी, बॅग, तिवई, लेन्स पुसायचं कापड. सोबत एखादा जाणता माणूस असेल, तर तो आणखी एक नाव हमखास घेतो: फिफ्टी. म्हणजे 50 मिलिमीटर नाभीय अंतराची, एफ 1.8 ची, झूम न होणारी, मुठीत मावणारी लेन्स. ‘हीच का?’ असं विचारलं तर उत्तरही ठरलेलं असतं. माणसाचा डोळा जसा पाहतो, तशी ही लेन्स पाहते म्हणून.

हे उत्तर इतक्या वेळा दिलं गेलं आहे की ते आता कुणी तपासत नाही. डोळ्याला असं एकच नाभीय अंतर लावता येत नाही. समोरच्या दृश्यातला अगदी छोटा भाग आपण स्पष्ट पाहतो, कडेचं बरंच काही अस्पष्टपणे जाणवत राहतं, आणि नजर सतत फिरत असते. 50 हा आकडा डोळ्यातून आलेला नाही. तो सिनेमाच्या फिल्मच्या रुंदीतून आला, एका दमेकरी यंत्रज्ञाच्या खटपटीतून आला, आणि तो टिकला कॅमेऱ्यातल्या एका आरशामुळे. ही गोष्ट नीट समजली, तर नवशिक्याने आज काय विकत घ्यावं याचं उत्तरही बदलतं. म्हणून हा मागोवा.

सुरुवात 1840 मधल्या व्हिएन्नात करावी लागेल. फ्रान्सच्या दागेरच्या पद्धतीने चित्र काढायची कृती आदल्याच वर्षी जगासमोर आली होती, पण तिची लेन्स इतकी मंद होती की माणसाला कित्येक मिनिटं निश्चल बसवावं लागे. गणिताचा प्राध्यापक योझेफ पेत्सवाल याने या अडचणीवर कागदावर उत्तर शोधलं. तोवर लेन्स घडत होत्या त्या घासून, पाहून, पुन्हा घासून. पेत्सवालने प्रकाशकिरणांचा मार्ग आधी आकड्यांत मांडला. आकडेमोड प्रचंड होती, म्हणून आर्चड्यूक लुडविगने तोफखान्यातली हिशेबात तरबेज माणसं त्याच्या दिमतीला दिली. त्यातून एफ 3.6 ची लेन्स निघाली (हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) आणि फोग्टलेंडर कंपनीने ती बनवली. दागेरच्या लेन्सपेक्षा ती पंधरा-वीस पट जास्त प्रकाश आत घेत होती. मधोमध धारदार आणि कडेला विरघळत जाणारी तिची प्रतिमा चेहऱ्यासाठी उत्तम ठरली. माणसांचे फोटो हा धंदा होऊ शकला तो या लेन्समुळे. आज फिफ्टी घेऊन घरातल्या मंद उजेडात आजीचा फोटो काढणारा नवशिका याच घराण्यातला आहे. प्रकाश कमी आहे आणि समोर माणूस आहे, ही त्याची अडचण पेत्सवालच्याच काळापासूनची आहे.

लेन्स वेगवान झाली, तरी बाकीचं सामान मात्र अवाढव्य होतं. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. थर वाळला की काच वाया. म्हणून छायाचित्रकाराला अंधारखोली बरोबर न्यावी लागे: तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या, पाणी आणि हे सगळं वाहणारी माणसं. आपल्याकडच्या उन्हात तर हा थर आणखी लवकर वाळे. तरीही मुंबईत हौशींची उणीव नव्हती. 1854 मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या सोसायटीतले नावाजलेले छायाचित्रकार. त्या वर्गातल्या विद्यार्थ्याचं आवश्यक साहित्य म्हणजे निम्मी प्रयोगशाळाच होती, आणि ‘पहिली लेन्स कुठली घेऊ’ हा त्याचा सर्वांत शेवटचा प्रश्न असणार. दीडशे वर्षांत नवशिक्याची बॅग हलकी होत गेली, कारण एकेक काम दुसऱ्या कुणीतरी आपल्या अंगावर घेतलं. 1888 च्या कोडॅकने तर सगळंच घेतलं. कॅमेऱ्यात शंभर चित्रांचं रीळ घालून मिळे, ते संपलं की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. 1900 मध्ये ब्राउनी आला, किंमत एक डॉलर. लेन्स निवडण्याचा प्रश्नच नव्हता, जी बसवली असेल ती.

आपल्या फिफ्टीचं काचकाम मात्र वेगळ्या शाखेतून येतं. 1817 मध्ये गणितज्ञ कार्ल फ्रीडरिख गाउसने दुर्बिणीसाठी दोन भिंगांची एक जोडी सुचवली होती. दुर्बिणीत ती फारशी रुळली नाही. सत्तर वर्षांनी, 1888 मध्ये, अमेरिकेतल्या अल्व्हन क्लार्कने अशा दोन जोड्या पाठीला पाठ लावून मध्ये छिद्र ठेवलं. 1896 मध्ये जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या पाउल रुडॉल्फने याच कल्पनेला पक्कं रूप दिलं आणि प्लानार ही लेन्स बनवली. सहा भिंगं, मध्ये छिद्र, दोन्ही बाजू जवळजवळ आरशातल्या प्रतिमेसारख्या. मांडणी सममित असल्यामुळे अलीकडची भिंगं जे दोष निर्माण करतात, त्यांतले बरेचसे पलीकडची भिंगं फेडतात. आज दुकानातली जवळपास प्रत्येक स्वस्त 50 मिमी एफ 1.8 लेन्स आतून या प्लानारची पणती आहे.

तरीही प्लानार तेव्हा चालली नाही. तिच्यात काच आणि हवा यांच्या सीमा आठ. अशा प्रत्येक सीमेवर चार-पाच टक्के प्रकाश परावर्तित होऊन आतल्या आत भटकतो. म्हणजे आलेल्या प्रकाशातला जवळपास एक तृतीयांश वाटेतच गेला, आणि जो भटकला त्याने चित्रावर फिकट धुकं धरलं. खुद्द रुडॉल्फच्या 1902 च्या टेसारमध्ये भिंगं चारच आणि सीमा सहा होत्या. ती लेन्स अंधारात कमी पडे, पण तिचं चित्र स्वच्छ येई. तिने प्लानारला तीसेक वर्षं बाजूला सारलं. गुणी रचना होती, फक्त तिच्या काळाकडे तिच्या दोषावर औषध नव्हतं.

आता फिल्मकडे. 1890 च्या दशकाच्या आरंभी एडिसनच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. के. एल. डिक्सन हलत्या चित्रांच्या यंत्रावर काम करत होता. कोडॅकवाल्या ईस्टमनची सुमारे 70 मिमी रुंदीची फिल्म उभी चिरून त्याने तिचे दोन भाग केले. सिनेमाची 35 मिमी फिल्म ती हीच. दोन्ही कडांना भोकं, आणि प्रत्येक चौकटीला चार भोकं. ही पट्टी जगभर गेली. 1912 मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले, ते याच पट्टीसाठी. सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज एकेक चौकट टिपत ‘अंकुराची वाढ’ तयार केली. फाळके मुळात स्थिरचित्रणवाले. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला स्टुडिओ चालवलेले. सिनेमाच्या पट्टीवर रोज एक स्थिर चित्र, हे त्यांनी इथे केलं, त्याच सुमारास तीच पट्टी जर्मनीत एक माणूस वेगळ्याच कामासाठी हाताळत होता.

तो माणूस ऑस्कर बारनाक. आधी झाइसमध्ये आणि 1911 पासून वेत्सलारच्या लाइट्स या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कंपनीत. त्याला डोंगरात भटकायची आणि फोटो काढायची हौस होती, आणि दम्याचा त्रासही होता. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा चढावर नेणं त्याला जमेना. छोटं निगेटिव्ह घेऊन मोठं चित्र करावं, या विचाराने त्याने सिनेमाची फिल्म उभी न चालवता आडवी चालवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींची मिळून एक केली. 18 गुणिले 24 मिमीची झाली 24 गुणिले 36. आज ज्याला फुल फ्रेम म्हणून आपण जास्तीचे पैसे मोजतो, ते माप हे. त्यामागे कुठलंही सौंदर्यशास्त्र नाही. चारऐवजी आठ भोकं, इतकाच हिशेब आहे.

या चौकटीला लेन्स कुठली लावायची? सिनेमाच्या चौकटीसाठी केलेल्या लेन्सची प्रतिमा दुप्पट चौकटीच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचेना. पहिल्या नमुन्यात बारनाकने लाइट्सचीच 42 मिमीची लेन्स लावली. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण 24 गुणिले 36 च्या चौकटीचा कर्ण 43.3 मिमी आहे, आणि चौकटीच्या कर्णाएवढं नाभीय अंतर हा तेव्हाही मान्य असलेला आडाखा होता. पण बाजारात आणायच्या कॅमेऱ्यासाठी कंपनीतल्याच माक्स बेरेकने जी लेन्स गणिताने बांधली, ती 50 मिमीची, एफ 3.5 ची. नाभीय अंतर थोडं वाढवलं की तीच चौकट थोड्या अरुंद कोनात भरते, आणि कडा-कोपरे स्वच्छ ठेवणं सोपं जातं. एवढंसं निगेटिव्ह मोठं करून दाखवायचं असेल तर कोपरे स्वच्छ हवेतच. कंपनीतल्या अनेकांचा विरोध असताना मालक एर्न्स्ट लाइट्स दुसरा याने 1924 मध्ये हा कॅमेरा बनवायचा निर्णय घेतला, आणि 1925 च्या लाइपत्सिगच्या वसंत मेळ्यात लायका लोकांसमोर आला. त्याच्यावर लेन्स कायमची बसवलेली होती. पन्नासच.

कर्णाच्या आडाख्यामागे मात्र खरोखर काही तथ्य आहे, आणि ते डोळ्यापेक्षा हाताशी जास्त जोडलेलं आहे. 24 गुणिले 36 च्या निगेटिव्हवरून 8 गुणिले 12 इंचाचं प्रिंट करायचं तर चित्र साधारण साडेआठ पट मोठं होतं. 50 मिमीच्या साडेआठ पट म्हणजे 42-43 सेंटिमीटर. तेवढ्या अंतरावरून ते प्रिंट पाहिलं, तर त्यातली जवळची आणि दूरची माणसं एकमेकांच्या प्रमाणात अगदी तशीच दिसतात जशी जागेवर दिसली होती. आणि 42 सेंटिमीटर हे प्रिंट हातात धरून पाहण्याचं नेहमीचं अंतर आहे. फिफ्टीचं चित्र सहज वाटतं ते म्हणून. तेच प्रिंट भिंतीवर लावून दोन मीटरवरून पाहिलं, की हे गणित उरत नाही.

पुढची वीस वर्षं झपाट्याची. 1933 मध्ये लाइट्सने सहा भिंगांची 50 मिमी एफ 2 लेन्स आणली, म्हणजे प्लानारचं घराणं पुन्हा उभं राहिलं. 1934 मध्ये कोडॅकने फिल्म भरलेली तयार नळकांडी विकायला काढली आणि अंधारात बसून फिल्म भरायचं नवशिक्याचं काम संपलं. 1935 मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर अतिशय पातळ थर देऊन परावर्तन कमी करण्याची युक्ती शोधली. ती काही वर्षं लष्करी गुपित राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सगळ्यांची झाली. आठ सीमांचं दुखणं गेलं. रुडॉल्फच्या रचनेला अर्ध्या शतकाने तिचं औषध मिळालं.

याच लायकाला आणि फिफ्टीला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीपासून आयुष्यभर जवळ केलं. 1947-48 मध्ये तो भारतात होता तेव्हाही. त्याची चित्रं पाहून दोन पिढ्यांनी फिफ्टीला मानलं. तरी नवशिक्याच्या हातात ती कार्तिए-ब्रेसाँमुळे आली असं मला वाटत नाही. ती आरशामुळे आली.

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो. तो वर उचलला जातो, त्यामुळे लेन्सला फिल्मपासून दूर बसावं लागतं. लायकात लेन्सची बैठक फिल्मपासून 28-29 मिमीवर असायची, तर एसएलआरमध्ये 44 ते 46 मिमीवर. एवढी जागा सोडून 50 मिमीची लेन्स बांधणं आरंभी जड गेलं. म्हणून 1936 च्या एक्झाक्टावर झाइसची बायोटार 58 मिमीची होती. युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी बायोटारवरूनच हेलिओस बनवली. झेनिट कॅमेऱ्याबरोबर ती लाखोंनी विकली गेली आणि भारतातल्या अनेक हौशींची ती पहिली एसएलआर लेन्स ठरली. पुढे काचेचे नवे प्रकार आले आणि 58 वरून 55, 55 वरून 50 असा प्रवास झाला.

इथेच स्वस्ताईचं मूळ आहे. 50 मिमीच्या आसपास सहा भिंगांची जुनी सममित रचना आरशाला जेमतेम जागा सोडून बसते, कुठलीही कसरत न करता. 35 किंवा 28 मिमी हवी असेल, तर मागे कृत्रिमरीत्या जागा पाडावी लागते, जास्त भिंगं घालावी लागतात, लेन्स मोठी आणि महाग होते. म्हणून एसएलआर विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने कॅमेऱ्यावर फिफ्टी लावून दिली. पेंटॅक्स के-1000 हा 1976 ते 1997 अशी दोन दशकं विद्यार्थ्यांचा कॅमेरा राहिला, संपूर्ण यांत्रिक, बॅटरी फक्त प्रकाशमापकाच्या काट्यासाठी. त्याच्यासोबतही बहुधा 50 मिमी एफ 2 च असे. 1990 मध्ये कॅननने प्लास्टिकच्या बैठकीची 50 मिमी एफ 1.8 काढली, 130 ग्रॅमची. आजचा नवशिका ज्या अर्थाने फिफ्टी म्हणतो, तो अर्थ तिथे पक्का झाला.

आपल्याकडच्या घराघरांत मात्र यातल्या बऱ्याच काळात वेगळाच पहिला कॅमेरा होता. बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री. 120 चा रोल, बारा चौकोनी फोटो, बदलता न येणारी लेन्स. महाराष्ट्रातल्या कितीतरी अल्बमांतली सहलींची, मुंजींची, दारातल्या बहीण-भावांची चौकोनी चित्रं त्याने काढलेली आहेत. नावाला सहा सेंटिमीटरच्या, प्रत्यक्षात थोड्या लहान असलेल्या त्या चौकोनाचा कर्ण सुमारे 79 मिमी. म्हणून त्या मापाच्या कॅमेऱ्यांत जी लेन्स सहज वाटते ती 75-80 मिमीची. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या रोलायफ्लेक्सवरही त्याच मापाची लेन्स असे. चौकट बदलली की आकडा बदलतो. हे त्या पिढीला शिकवावं लागत नव्हतं, कारण प्रत्येक कॅमेऱ्याची लेन्स त्याच्या चौकटीच्या मापानेच बसवलेली येत होती.

घोटाळा डिजिटलने केला. 2003 मध्ये कॅननचा 300 डी आला आणि हजार डॉलरच्या आत डिजिटल एसएलआर मिळू लागला. सोबत 18-55 ची झूम, जिला सगळे किट लेन्स म्हणतात. या कॅमेऱ्यांतला सेन्सर जुन्या चौकटीपेक्षा लहान होता, कर्ण 27-28 मिमी. लेन्सची बैठक मात्र जुनीच, म्हणून जुनी स्वस्त फिफ्टी त्यावर बसली. तिच्यातून दिसायचं ते निकॉनवर 75 मिमीसारखं आणि कॅननवर 80 मिमीसारखं. सल्ला बदलला नाही, कॅमेरा बदलला. गेली वीस वर्षं लहान सेन्सरचा कॅमेरा घेतलेल्या नवशिक्यांना ‘डोळ्यासारखी पाहणारी लेन्स’ म्हणून जी दिली जाते, ती त्यांच्या कॅमेऱ्यावर चेहरे काढायची लेन्स होते. घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं चौकटीत घ्यायची तर पाठ भिंतीला टेकते. मग तो नवशिका समजतो की आपल्यालाच फोटो जमत नाही. मला या सल्ल्यातलं सर्वांत जास्त काही खटकत असेल, तर हे.

फिफ्टीचे बाकीचे गुण खरे आहेत. किट लेन्स 55 मिमीला एफ 5.6 पर्यंतच उघडते. एफ 1.8 ला त्याच्या जवळपास दहा पट प्रकाश आत येतो. गणपतीच्या आरतीला समयांच्या उजेडात जिथे सेकंदाचा दहावा भाग लागत होता, तिथे शंभरावा भाग पुरतो, आणि टाळ्या वाजवणारे हात हलत नाहीत. झूम नसल्यामुळे पुढे-मागे पायांनी जावं लागतं. त्या चालण्यातच जवळ गेल्यावर पार्श्वभूमी कशी बदलते, मागचं झाड माणसाच्या डोक्यातून कसं बाजूला होतं, हे अंगवळणी पडतं. हे शिक्षण दुसऱ्या कुठल्याही साहित्यातून इतक्या स्वस्तात मिळत नाही.

तेव्हा यादी हातात घेऊन दुकानात निघालेल्यांना सांगणं इतकंच. कॅमेरा फुल फ्रेम असेल तर 50 मिमी एफ 1.8 डोळे मिटून घ्या. सेन्सर लहान, म्हणजे एपीएस-सी असेल तर 35 मिमी मागा. दुकानदार फिफ्टीच पुढे करेल, तरी 35 च मागा. त्याहूनही लहान, म्हणजे मायक्रो फोर थर्ड्स असेल तर 25 मिमी. कॅमेरा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला असेल तर जुन्या बाजारातली हेलिओस किंवा पेंटॅक्सची लेन्स अडॅप्टर लावून चालते. फोकस हाताने करावा लागेल, आणि लहान सेन्सरवर तीही चेहऱ्यांचीच लेन्स होईल, हे लक्षात ठेवा. लेन्स घेण्यापूर्वी काचेत बुरशीचे धागे नाहीत ना, हे उजेडासमोर धरून पाहा. आपल्या पावसाळ्यात ही बुरशी वाढते, म्हणून लेन्स कपाटातल्या कपड्यांत ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. तिवई, फ्लॅश, फिल्टर नंतर घेता येतील. पहिले सहा महिने याच एका लेन्सवर काढा आणि दर महिन्याला निदान दहा चित्रांची 8 गुणिले 12 ची प्रिंट काढून घ्या.